भोक ठेवायला काय जातंय?

नवा मोबाईल घेतला तर इयरफोनचं भोकच नाही! गणपत गल्लीतला दुकानदार म्हणतो, "आता असलंच येतंय की हो, ब्लूटूथ घ्या." म्हणजे आणखी एक डबी रोज चार्ज करत बसा. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून जॅक गेला आणि बाकीच्यांनी डोळे झाकून तीच री ओढली.

फोनमधल्या एफएमला इयरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. म्हणजे रेडिओही बोंबलला. खानापूरकडं पावसाळ्यात लाइट जाते, पाठोपाठ रेंज जाते, मग ऐकायचं काय?

वर मेमरी कार्डाची जागाही गायब. आईच्या आवाजातले अभंग त्या नखाएवढ्या कार्डावर आहेत, ते कुठं घालू? किंमत दरवर्षी वाढवता आणि होतं तेच काढून घेता! साडेतीन मिलिमीटरचं भोक ते, परत द्या.