पहिल्या वर्षाची यादी आणि 'स्कोरिंग' हा शब्द

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर ताई आणि भाची आमच्याकडे बडोद्यात, दांडिया बाजारात आल्या. भाचीला कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, पेढे वाटून झालेत, आता खरं काम सुरू. फोनवर पहिल्या सेमिस्टरच्या विषयांची यादी होती. काही विषय सक्तीचे, बाकीचे निवडायचे, या गटातून दोन, त्या गटातून एक. सोमवारच्या आत भरायचं. आणि त्या यादीवर एका सीनिअरने आधीच शेरे मारून पाठवलेले. 'बेसिक इलेक्ट्रिकल'समोर लिहिलंय 'नको, कटकट'. 'ग्राफिक्स अँड वर्कशॉप'समोर 'वेळ खातं'. 'एआयची ओळख' आणि 'वेब डेव्हलपमेंट'समोर 'स्कोरिंग, डोळे मिटून घे', म्हणजे सहज मार्क मिळतात.

"मामा, असंच भरून टाकू ना?"

मी नाही म्हणालो. साडेअकरापर्यंत आम्ही बसलो. तेव्हा जे बोललो ते इथे लिहितोय, कारण ओळखीतल्या चार-पाच घरांत सध्या हीच यादी टेबलावर आहे.

माझं म्हणणं असं: जे घरी एकट्याने बसून शिकता येत नाही, ते पहिल्या वर्षी कॉलेजात शिका. वेब डेव्हलपमेंट चांगलंच आहे, पण ते मुलं सुट्टीत यूट्यूबवरून शिकतात आणि उत्तम शिकतात. चुकलं तर स्क्रीन लगेच सांगते. पण मॅट्रिक्स (आकड्यांच्या चौकटींचं गणित), सर्किट, ड्रॉइंग, कानस चालवणं, यांत चुकलं की शेजारी उभा राहून 'इथे घसरलास' म्हणणारा माणूस लागतो. तो माणूस आणि ती लॅब, दोन्ही कॉलेजातच मिळतात. फी त्यासाठी भरायची.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ऑटोमेशनच्या कामात आहे. गेल्या वर्षीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या पॅकिंग लाइनवरून ऑपरेटरचा फोन आला, काउंटर मायनसमध्ये गेलाय. स्क्रीनवर आकडा होता उणे ३२,७६८. आमच्याकडे नवीन लागलेला एक मुलगा गेला. हुशार, तीन भाषांत कोड लिहिणारा. त्याने सेन्सर बदलला, केबल बदलली, स्क्रीनचा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. दोन दिवस गेले, लाइन चालू झाली, काही दिवसांनी पुन्हा तोच आकडा. मग डिप्लोमा करून आलेली आमची एक मुलगी गेली. तिने काही उघडलंसुद्धा नाही. आकडा बघूनच म्हणाली, "हा सोळा बिटांचा आकडा आहे." बिट म्हणजे शून्य किंवा एक मावणारी एक जागा. सोळा बिटांत चिन्हासकट मावणारी सगळ्यात मोठी संख्या ३२,७६७. त्यात एक मिळवलात की मशीन थेट उणे ३२,७६८ वर जातं. तिने तो आकडा साठवायची जागा, म्हणजे व्हेरिएबल, बत्तीस बिटांचा केला. दहा मिनिटं लागली.

मशीन संख्या कशी साठवतं, हा पहिल्या वर्षातला धडा. त्या मुलाला तो 'झाला' होता, म्हणजे परीक्षेपुरता. आणि ही काही फक्त जीआयडीसीतली किरकोळ भानगड नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. चौसष्ट बिटांतली एक संख्या सोळा बिटांत कोंबायला गेले आणि ती मावली नाही.

गणिताबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझं स्वतःचं नुकसान झालंय. मी कलाभवनात, म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. पहिल्या वर्षी मॅट्रिक्स पास होण्यापुरतं केलं. पद्धत पाठ, अर्थ शून्य. चौतिसाव्या वर्षी कामात कॅमेऱ्याने बाटल्या तपासायचं काम आलं, आणि प्रतिमा फिरवणं, लहान-मोठी करणं, सरळ करणं हे सगळं मॅट्रिक्सच निघालं. रोज रात्री मुलं झोपल्यावर बारावीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली. आठ महिने. आज ज्या एआयसाठी मुलं धावतायत त्याच्या पोटातही हेच आहे, मोठमोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकार, आणि चूक कमी करायला आकडे कुठल्या दिशेने बदलायचे ते सांगणारं कॅल्क्युलस. म्हणून भाचीला म्हटलं, लिनिअर अल्जेब्रा आणि प्रॉबॅबिलिटी जिथे पर्याय असतील तिथे आधी त्यांवर खूण कर. 'एआयची ओळख' तिसऱ्या वर्षी घे, तेव्हा ती नुसती ओळख राहणार नाही. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात बी.टेक.ची १६० क्रेडिट (विषयांचं वजन मोजायचं माप) आहेत, आणि वर काही जादा क्रेडिट करून ऑनर्स किंवा मायनर, म्हणजे जोडविषय, घेता येतो. एआय कुठे पळून जात नाहीये.

क्रेडिटवरूनच आठवलं. मुलांना वर्कशॉप का नको असतं? आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, आणि प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक क्रेडिट. हिशेबाने लॅब महागच पडते. पण मला आजही फिटिंग शॉपमधला तो लोखंडाचा तुकडा आठवतो. कानशीने घासून घासून चौकोनी करायचा. मला वाटलं झाला. सरांनी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला आणि तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरला. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून केसाएवढा उजेड येत होता. सर एक शब्द बोलले नाहीत, तुकडा परत हातात दिला. असं चार वेळा. 'मला वाटतं बरोबर आहे' आणि 'तपासलं, बरोबर आहे' यांतला फरक मला त्या फटीतून कळला. आज कोणाचा कोड तपासायला बसलो की मी तीच फट शोधत असतो.

ताई म्हणाली, "अरे पण तिला कॉम्प्युटर करायचंय, लोखंड कशाला?" रास्त प्रश्न. तर क्लॉड शॅननची गोष्ट सांगितली. मिशिगन विद्यापीठात तो इलेक्ट्रिकल आणि गणित दोन्ही शिकला, १९३६ साली दोन्हींच्या पदव्या घेतल्या. मधे फिलॉसॉफीचा एक तर्कशास्त्राचा कोर्स केला, त्यात त्याला जॉर्ज बूलचं, फक्त खरं आणि खोटं यांवर चालणारं बीजगणित भेटलं. पुढे एमआयटीत गेल्यावर १९३७ च्या प्रबंधात त्याने दाखवलं की रिलेच्या (विजेवर चालू-बंद होणाऱ्या) स्विचांची मांडणी त्याच बीजगणिताने सोडवता येते. आजचं प्रत्येक डिजिटल सर्किट त्या पायावर उभं आहे. त्या वेळी कोणी त्याच्या यादीवर शेरे मारले असते, तर तर्कशास्त्रासमोर काय लिहिलं असतं?

आणि लांब कशाला, आपल्या बडोद्यातलंच बघा. शास्त्रज्ञ वेंकटरामन रामकृष्णन इथेच वाढले. बडोदा मेडिकल कॉलेजात मिळालेली जागा सोडून त्यांनी सयाजीराव विद्यापीठात फिजिक्सची बी.एस्सी. केली, १९७१ मध्ये. अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएच.डी. केली, मग जीवशास्त्राकडे वळले, आणि २००९ साली नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. पाया पक्का असेल तर मधेच रस्ता बदलायची हिंमत होते, असं मला त्यात दिसतं.

प्रोग्रॅमिंगची भाषा सी की पायथन, या वादात मी फार पडत नाही. दोन्हींपैकी जिचे शिकवणारे चांगले असतील ती घ्या. मला विचाराल तर सी, कारण मेमरी हाताने सांभाळावी लागते.

एक गोष्ट पालकांसाठी, मनापासून. विषय निवडताना सीनिअरचे शेरे वाचू नका, सिलॅबस वाचा. त्यात लॅबचे तास किती, शेवटी विद्यार्थ्याने स्वतः काही बनवायचं आहे का, हे बघा. आणि सगळे अवघड विषय एकाच सेमिस्टरला घेऊ नका. वसतिगृहात राहणारं, नुकतंच घर सोडलेलं पोर असेल तर नक्कीच नको. दोन जड, एक आवडीचा, एवढं पुरे.

भाचीने शेवटी गणित, बेसिक इलेक्ट्रिकल आणि ग्राफिक्स-वर्कशॉप ठेवले. खुल्या गटात तर्कशास्त्र आणि जर्मन यांत ती अडकली आहे. मी काही बोललो नाही, तो तिचा प्रश्न. जाताना मात्र ड्रॉइंगसाठी लागणारा माझा जुना मिनी ड्राफ्टर घेऊन गेली.

माझ्याकडे सेट-स्क्वेअर, ड्रॉइंग बोर्ड आणि पहिल्या वर्षाच्या गणिताची दोन पुस्तकं अजून आहेत. रावपुरा, मांडवी, कुठूनही कोणाच्या मुलाला-मुलीला हवी असतील तर संध्याकाळी सातनंतर घरी या, घेऊन जा.