तिथीची पाऊणपट

कोकणात एखादे गाव समोर दिसते, याचा अर्थ ते जवळ आहे असा मुळीच होत नाही. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीच्या पलीकडच्या तीरावर धोपावे दिसते. पण रस्त्याने तिथे पोहोचायचे म्हटले तर दापोली, खेड, चिपळूण आणि गुहागर असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी समुद्राला मिळता मिळता किनाऱ्याचे जे तुकडे करून ठेवले आहेत, ते एकमेकांना जोडण्याचे काम शेकडो वर्षे होड्यांनी केले, आणि आता माणसांना त्यांच्या मोटारींसकट पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी ते करतात. ही फार मोठी सोय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार इतकीच आहे, की माझ्या मेहुण्याने या सोयीची सहल केली.

‘भावोजी, भाऊच्या धक्क्यावरून निघायचे आणि खाडीखाडीने जयगड गाठायचे,’ असे त्याने जाहीर केले, तेव्हा मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष चालू होता आणि नाही म्हणायला माझ्याकडे एकही भरभक्कम कारण नव्हते. पावसाळा असता तर समुद्र आपण होऊन नाही म्हणाला असता. शिवाय मेहुण्याला नुकताच भरतीचा हिशेब सापडला होता. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, असे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच रेंगाळत येते, त्यामुळे हा हिशेब पुष्कळसा बरोबर येतो. कोळी लोक तो पिढ्यान् पिढ्या तोंडी करत आले आहेत. मेहुण्याने मात्र दिनदर्शिकेच्या पानावर पेन्सिलीने तो मांडला आणि त्याच्या आधाराने आमचे चहा, जेवण, झोप आणि आंघोळ यांच्या वेळा ठरवल्या. एका सकाळी मला नाश्ता उशिरा मिळाला, त्याला ओहोटी कारण होती.

निघण्यापूर्वी नातेवाइकांनी बोट लागण्यावरचे उपाय सांगितले. लिंबू हुंगावे, आल्याचा तुकडा दाढेखाली धरावा, पोट रिकामे ठेवावे, पोट अजिबात रिकामे ठेवू नये, क्षितिजाकडे पाहावे आणि समुद्राकडे पाहू नये, हे सर्व मी एकाच वेळी कसे करावे याचे मार्गदर्शन मात्र कोणी केले नाही. आत्याने एकही उपाय सांगितला नाही. ती लहानपणी आगबोटीने देवगडला जात असे. त्या काळी मोठी बोट बहुतेक बंदरांत शिरतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून आलेल्या पडावात माणसे, ट्रंका, फणस आणि रडणारी पोरे उतरवली जात. पडाव लाटेवर वर आला की उडी मारायची, खाली गेला की थांबायचे, एवढे शिक्षण तिला वयाच्या सहाव्या वर्षी मिळाले होते. आमच्या बोटीत मोटार चढते हे ऐकल्यावर तिने, ‘मग ती कसली बोट!’ एवढे म्हणून विषय संपवला.

भाऊचा धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या भाऊ अजिंक्यांनी 1841 मध्ये तो बांधला, तेव्हा आपल्या धक्क्यावर पुढे माणसे मोटारीत बसून मोटारीला बोटीत बसवतील अशी कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते. मांडव्याला जाणारी बोट एवढी मोठी आणि इतकी स्थिर निघाली, की खिशातले लिंबू माझ्याकडे रागाने पाहत आहे असे मला वाटू लागले. खऱ्या फेरीबोटीची ओळख पुढे आगरदांड्याला झाली. या बोटीच्या तोंडाशी एक लोखंडी फळका असतो, तो धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि त्यावरून मोटारी आत शिरतात. आत एक खलाशी उभा असतो. ‘या, या, या, काट मारा, फुल काट, सरळ, या, या, बस्स!’ या त्याच्या मंत्रावर विश्वास ठेवून गाडी इंचाइंचाने पुढे न्यायची असते, आणि ‘बस्स’ ऐकू येते तेव्हा डाव्या बाजूला जीप, उजव्या बाजूला बोटीचा कठडा आणि पुढे बर्फाचे क्रेट भरलेला टेम्पो अशी स्थिती झालेली असते. दरवाजा चार बोटे उघडतो. सडपातळ माणसे त्यातून बाहेर पडून वाऱ्यावर उभी राहतात. मी राजपुरीची खाडी गाडीतच बसून ओलांडली. त्या प्रवासात जंजिरा फार सुंदर दिसतो असे बाहेर जाऊन आलेले सर्वजण सांगत होते. मला टेम्पोची फळी दिसली. तिच्यातून वितळलेल्या बर्फाचे पाणी ठिबकत होते आणि वर ‘आईचा आशीर्वाद’ असे लिहिलेले होते.

बागमांडल्याहून वेश्वीला सावित्री ओलांडताना मी दरवाजा कठड्याच्या बाजूला येणार नाही याची काळजी घेतली, त्यामुळे जिल्हा बदलताना निदान पाहता आला.

हर्णैला मात्र मेहुण्याच्या हिशेबाने खरा प्रताप दाखवला. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे संध्याकाळी साडेचारला भरती, म्हणून सकाळी साडेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. आणि पाणी उथळ असताना जाणे केव्हाही सुरक्षित, या तर्काने त्याने सुवर्णदुर्गाची होडी सकाळची ठरवली. ओहोटीला पाणी उथळ असते हे खरे आहे, पण ते लांबही असते, हा मुद्दा पेन्सिलीतून निसटला होता. होडी पुळणीपासून बरीच आत उभी होती आणि तिच्यापर्यंत चालत जायचे होते. हर्णैच्या किनाऱ्यावर होड्यांमधली मासळी पाण्यातून बैलगाडीने आणतात. ते बैल आमच्या शेजारून निर्विकारपणे जात होते आणि त्यांचे पोट कोरडे होते, याकडे मी होडीवाल्याचे लक्ष वेधले. ‘गुडघाभर आहे, या साहेब,’ असे तो म्हणाला. हा माणूस उंच होता. गुडघा हे माप ज्याचे त्याचे असते, आणि माझ्या मापाने ते पाणी कमरेच्या पट्ट्याला लागत होते.

आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यालाही धक्का नव्हता. होडी थांबली, पुन्हा गुडघाभर असल्याचे सांगण्यात आले आणि मी एक पाय काठावरून बाहेर टाकला. तळाशी शेवाळ धरलेला दगड होता. त्याच क्षणी आलेल्या लाटेने होडी एका दिशेला नेली आणि माझा दुसरा पाय तिच्याबरोबर निघाला. एका खलाशाने माझे मनगट न पकडता दंड पकडला. मनगट धरले तर माणूस हातातून सटकतो, दंड धरला तर सबंध येतो, हे त्याचे शास्त्र मला त्या अवस्थेतही पटले. 1755 साली कमोडोर जेम्सने तोफांचा मारा करून हा किल्ला घेतला, असे मेहुणा किनाऱ्यावरून वाचून दाखवत होता. तोफा लांबूनच डागता येतात, हे जेम्सचे भाग्य.

दाभोळला मला एकदम बरे वाटले, कारण तिथे धक्का होता, उतार होता आणि फेरीबोट समोर उभी होती. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थान पाहून परत जाण्यासाठी याच बंदरातून जहाजावर चढला आणि त्याचे जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. मी तिकीट काढले आणि काही मिनिटांत धोपाव्याला लागलो. मधल्या शतकांत प्रगती झाली नाही असे म्हणणाऱ्यांना मी एवढे एक उदाहरण देऊ इच्छितो.

दुसऱ्या दिवशी सप्तमी. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच. हेदवीच्या खडकात बामणघळ नावाची एक अरुंद भेग आहे, आणि भरतीची लाट तिच्यात घुसली की पाण्याचा फवारा आकाशात उडतो. मेहुण्याने आम्हाला बरोबर पाच वाजता खडकावर उभे केले, भिजू नये म्हणून माझ्या बायकोला मागे सरायला सांगितले आणि मोबाइलचा कॅमेरा चालू केला. सव्वापाचला घळीने एक घसा खाकरल्यासारखा आवाज केला. साडेपाचला तोही थांबला. शेजारी गरी टाकून बसलेला एक मुलगा आमच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाला, ‘मगाशी उडत होतं. आता पाणी सुकतीला लागलं.’ मेहुण्याने त्याला आज सप्तमी असल्याचे समजावून सांगितले. मुलाने ते नाकारले नाही.

तवसाळला पोहोचलो तेव्हा जयगडला जाणारी फेरी लागत होती. गाडी आत गेली, ‘बस्स’ झाले, दरवाजा या वेळी पुरता उघडला, आणि मेहुणा थेट खलाशाकडे गेला. आज भरती किती वाजता होती, असे त्याने परीक्षकाच्या आवाजात विचारले. खलाशाने ना चंद्राकडे पाहिले, ना पाण्याकडे. त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यावर बोट फिरवले आणि म्हणाला, ‘साडेचार.’

‘तिथीची पाऊणपट केली तर सव्वापाच येतात,’ मेहुणा म्हणाला.

‘येतात ना. पण ते मुंबईचं पाणी, साहेब. आमच्याकडं आधी येतं.’

भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते. त्यामुळे जयगडला ती मुंबईच्या आधी पोहोचते आणि मुंबईकरांनी बसवलेला हिशेब खाली उतरावे तसा पुढे धावू लागतो. खलाशाने हे दोन वाक्यांत सांगितले आणि दोर सोडायला निघून गेला. मेहुणा कठड्याला धरून उभा राहिला. मला वाटले, आता हा विषय संपला. बायकोलाही तसेच वाटले असावे, कारण तिने जयगडला जेवण कुठे मिळते याची चौकशी सुरू केली. पण शास्त्री नदीच्या मध्यावर येईपर्यंत त्याने दिनदर्शिकेचे पान मांडीवर घेतले होते आणि हर्णैला किती मिनिटे वजा, जयगडला किती, जैतापूरला किती आणि विजयदुर्गला किती, असे रकाने पाडायला सुरुवात केली होती.

फळका जयगडच्या उतारावर टेकला. पुढच्या गाड्या सरकल्या, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, खलाशाने ‘चला, चला, सोडा’ म्हणून हात हलवला. गाडीची किल्ली मेहुण्याच्या खिशात होती आणि तो विजयदुर्गच्या वजाबाकीत अडकला होता.