झोस्तच्या मैफलीतले प्रेक्षक का कापले?

क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडची १९७० सालची, जर्मनीतल्या झोस्त गावातली मैफल कुणीतरी रंगवून, आवाज घासूनपुसून नव्याने टाकलीय. सकाळपासून तिघा-चौघांनी पाठवली, "बघ, काय झकास झालीय!" काय झकास? प्रेक्षकच उडवलेत!

डब्ल्यूडीआर या जर्मन वाहिनीचं ते कृष्णधवल चित्रण. ऑर्गनवर राल्फ ह्यूटर, बासरीवर फ्लोरियान श्नायडर, ड्रम्सवर क्लाउस डिंगर. पुढे त्यांची ओळख झालेले रोबो नाहीत, लाल शर्ट-काळे टाय नाहीत. आणि कॅमेरा सारखा समोरच्या पोरापोरींवर जातो. कुणी नुसतं टक लावून बघतंय, कुणी टाळ्या धरू पाहतंय. असलं काही त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही, हे चेहऱ्यांवर दिसतं. ते चेहरे काढले की उरलं काय?

मी बाबांना ही मैफल दाखवली होती. त्यांचं आयुष्य भजनात पखवाज वाजवण्यात गेलं. आधी म्हणाले, "अजून सूरच लावतायत का रे?" मग डिंगरने ठेका धरला आणि बाबांचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. "हा पोरगा लय सोडत नाही हं."

मूळ आवाज फाटका आहे, मान्य. खुद्द क्राफ्टवर्कनेच पहिले तीन अल्बम अधिकृतपणे सीडीवर कधी आणले नाहीत, हेही खरं. त्यांच्या लेखी सगळं १९७४च्या 'आउटोबान' या अल्बमपासूनच सुरू होतं. असेल! म्हणून त्याआधीच्या खटपटीवर आपणही रंग फासायचा? बाबांना कुणी 'आउटोबान' ऐकवलं नव्हतं, तरी त्यांचा हात चाललाच ना?

पुढे डिंगरने गिटारवादक मिखाएल रोटरबरोबर 'नॉय!' हा बँड काढला आणि तोच न थांबणारा ठेका कुठल्या कुठे नेला. २००८ मध्ये तो गेला. फ्लोरियान २०२० मध्ये. बाबा अजूनही मध्येच विचारतात, "तो बासरीवाला काय करतो रे हल्ली?" गेला म्हणून सांगितलं होतं, पण ते विसरतात. मग मी पुन्हा तीच मैफल लावतो, त्या भांबावलेल्या पोरांसकट. त्यांच्याकडे बघून बाबा म्हणतात, "कळत नाहीये त्यांना, पण उठत नाहीयेत बघ."

रागाच्या भरात लिहिलंय, पण एक शब्द मागे घेणार नाही. ज्यांनी ती रंगवलेली पुढे ढकललीय त्यांनी काढून टाका आणि मूळ चित्रण शोधून पाठवा. कृष्णधवल, खरखरीत, पूर्ण.