शाळेतल्या गॅसच्या तासाबद्दल तक्रार करणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, आज दुकान उघडल्यावर पुन्हा वाचला. इथे बाकीचे ग्राहकही वाचतात, म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. आमच्या गॅस एजन्सीची माणसं तुमच्या मुलीच्या शाळेत गॅसच्या सुरक्षेचा तास घ्यायला आली होती. दुसरीच्या वर्गाला त्यांनी मोबाइलवर जळत्या टँकरचा व्हिडिओ दाखवला आणि रेग्युलेटर मुलांच्या हातात फिरवायला दिला. तेव्हापासून मुलगी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही आणि रात्री उठून ‘आई, टाकी बंद केलीस का?’ विचारते. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘टाक्या पोचवा, लेकरांना शिकवायचं आमचं आम्ही बघू.’ आणि एक स्टार.

व्हिडिओ आणि रेग्युलेटर, दोन्ही बाबतीत चूक आमची आहे. मेकॅनिकवर ढकलत नाही. कुठल्या वर्गाला काय सांगायचं हे मी त्याला ठरवून दिलं नव्हतं. मी तुमची आणि तुमच्या लेकीची मनापासून माफी मागते.

तो व्हिडिओ जयपूरचा होता. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे अजमेर रस्त्यावर गॅसच्या टँकरला ट्रक धडकला, गॅस बाहेर पडून रस्ताभर पसरला आणि मग पेटला. आपल्या कराडला खेटून महामार्ग जातो, त्यावरून असे टँकर रोज जातात आणि एखादी गाडी कलंडली की आपली पोरं सायकली घेऊन बघायला पळतात. ‘बघायला जाऊ नका’ एवढंच मेकॅनिकला सांगायचं होतं. पण सात वर्षांच्या मुलाला आग दाखवली की त्याच्या लक्षात फक्त आग राहते, कसं वागायचं ते राहत नाही. तो व्हिडिओ यापुढे कुठल्याच शाळेत दाखवला जाणार नाही.

रेग्युलेटरचं तर त्याहून वाईट. त्याच संध्याकाळी मला दुसऱ्या एका घरून फोन आला. त्यांच्या मुलाने भाजी शिजत असताना ‘आई, मला येतं, दाखवू?’ म्हणत रेग्युलेटरचा नॉब फिरवला. त्या बाई शेजारीच उभ्या होत्या, काही झालं नाही. पण वस्तू हातात दिली की मुलाला ती आपली वाटते. एवढ्या लहान मुलांनी टाकी, नॉब, नळी यातल्या कशालाही हात लावायचा नाही, आणि आम्हीच त्यांना हात लावायला शिकवून आलो. तुम्ही तक्रार केलीत ते बरं केलंत.

आता ज्या गोष्टीशी मी सहमत नाही, ती. मुलांना शिकवायचं काम तुमचं आहे, शाळेचं आहे आणि आमचंही आहे. कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच एका ग्राहकाकडे दूध गॅसवर ठेवून आई दळण आणायला गेली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस येतच राहिला. नऊ वर्षांचा मुलगा खेळून घरी आला, त्याला घाण वास आला. वास घालवायचा म्हणून त्याने एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबलं. दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याचे वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘याला शंभरदा सांगितलंय, टाकीला हात लावायचा नाही.’ आणि ताई, पोराने टाकीला हात लावलाच नव्हता. जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने तंतोतंत पाळलं होतं. बटणाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या घरी गॅसजोडणी आम्ही दिली होती, आईच्या सह्या आम्ही घेतल्या होत्या, पण त्या घरातल्या मुलाशी आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. म्हणून मी शाळांत जायला लागले.

चुलीचं बरं होतं असं मी म्हणणार नाही, माझ्या आईचे डोळे त्या धुराने गेले. पण चुलीपाशी वाढलेल्या मुलाला जाळ डोळ्यांनी दिसायचा, आच लागायची, ते आपोआप लांब बसायचं. गॅस दिसत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या कित्येक घरांत पहिल्यांदाच टाकी गेली. त्या आयांनाच लहानपणी कुणी हे शिकवलेलं नाही, त्या लेकरांना कुठून सांगणार?

मूळ गॅसला वासही नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्केप्टन नावाचं घाण वासाचं द्रव्य मिसळतात. हे मुलांना सांगितलं की त्यांना फार आवडतं, वास हा आपला राखणदार आहे म्हणून. दुसरं, टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवर उतरतो, ओट्याखाली साचतो, उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत जातो. मुलं जमिनीवर बसून खेळतात, अभ्यास करतात, म्हणजे बरोबर त्याच उंचीवर. फ्रिजचा कॉम्प्रेसरही खालीच असतो, म्हणजे ठिणगीची जागाही त्याच उंचीवर. (पुण्यामुंबईत पाइपने येणारा गॅस वेगळा, तो हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. पुण्याला राहणारी भावंडं सुट्टीत आली की आपल्याकडे टाकीचा नियम वेगळा आहे हे त्यांनाही सांगा.)

बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते, हे मोठ्या माणसांनासुद्धा ठाऊक नसतं. म्हणून वास आला तर दिवा, पंखा, मिक्सर, दारावरची बेल, काहीच दाबायचं नाही, मोबाइलही आत वापरायचा नाही. धाकट्या भावंडाचा हात धरायचा, दार उघडं टाकून अंगणात यायचं आणि मोठ्याने हाक मारायची. सात वर्षांच्या मुलाचं काम इथे संपलं. खिडक्या उघडणं, रेग्युलेटर बंद करणं आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या तातडीच्या नंबरला फोन लावणं ही कामं मोठ्यांची. १९०६ चोवीस तास चालू असतो, दुकान बंद असलं तरी.

थोड्या मोठ्या मुलांचं वेगळं. आपल्याकडे आईबाप दोघंही रानात जातात आणि अकरा-बारा वर्षांची पोर चहा ठेवते, भात लावते, हे आपण सगळे जाणतो. तिला ‘हात लावू नकोस’ म्हणण्यात अर्थ नाही. तिच्या शेजारी उभं राहून, आधी काडी मग बटण, काम झालं की रेग्युलेटर बंद, हे तिच्या आईनेच शिकवायला हवं. आमच्या तासात त्या आयांना बोलवायचं असं मी आता ठरवलंय. पाचवीच्या खालच्या वर्गांत टाकी, रेग्युलेटर, नळी काहीही न्यायचं नाही, चित्रं आणि गोष्टच सांगायची, तीही वर्गशिक्षिकेला आधी दाखवून.

तुमच्या लेकीबद्दल. ती रात्री विचारते त्यावर तिला रागावू नका. रात्री रेग्युलेटर बंद करणं बरोबरच आहे, फक्त त्याची काळजी तिच्या डोक्यावर नको. झोपायच्या आधी तिला ओट्यापासून चार पावलं लांब उभी करा, तिच्यासमोर नॉब बंद करा आणि मोठ्याने म्हणा, ‘बंद!’ तिलाही म्हणू द्या. दोन-तीन आठवड्यांत मध्यरात्रीचं उठणं कमी होईल, आमच्या धाकट्या नातीचं झालं. आणि नवी टाकी आली की तिला एक वाचायचं काम द्या. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या मुदतीच्या आत टाकी पुन्हा तपासायला जाते. हात पाठीमागे बांधून तिला ते वाचू द्या. मुदत उलटलेली टाकी दिसली तर ती घेऊच नका, डिलिव्हरीवाल्याला परत न्यायला सांगा. टाकीची कुणीतरी काळजी घेतं हे तिच्या डोळ्यांना दिसलं की भीती उतरेल असं मला वाटतं.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. टाकीच्या तोंडावर दोरी बांधलेली प्लॅस्टिकची टोपी असते ना, ती मुलं दोरीने गरगर फिरवत खेळतात, मग हरवते. मी स्वतः अंगणांतून अशा कितीतरी उचलल्यात. रेग्युलेटर काढल्यावर वॉल्व्हमधून गॅस येत राहिला तर हीच टोपी दाबून बसवली की गळती थांबते. ती दोरी टाकीलाच बांधलेली राहू द्या.

या रविवारी सकाळी तुम्हाला चालणार असेल तर मी स्वतः घरी येते. मेकॅनिकही येईल, त्याला तुमच्या मुलीची माफी मागायची आहे. नळी आणि आतला रबरी वॉशर तपासून देऊ, नळीला पाच वर्षं झाली असतील तर बदलून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. साबणाचं पाणी जोडावर लावून बुडबुडे येतात का ते मुलीला लांबून दाखवू. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो ते तिने पाहिलंच असेल, हे तसंच आहे. तिला स्वयंपाकघरात यायचं नसेल तर ओसरीवर बसून बोलू.

स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. वेळ तेवढी दुकानात कळवा. तुमच्या टाकीची टोपी हरवली असेल तर तेही सांगा, येताना घेऊन येते.