‘बोर्ड तर हवेतच असतो’ : मग तळाचा आकार कशाला?

डाउनविंड फॉइलिंग म्हणजे पाठीमागच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांवरून, बोर्डखाली दांड्याने जोडलेल्या पाण्यातल्या पंखाच्या (फॉइलच्या) आधाराने बोर्ड पाण्याबाहेर उचलून जाणं. त्याबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: “फॉइलवर उठलात की बोर्ड हवेत. तळाच्या आकाराने काही फरक पडत नाही. पैसे फॉइलवर घाला, बोर्ड कुठलाही चालतो.” नवशिक्यांची यात खरोखर फसगत होते.

‘बोर्ड हवेत असतो.’ असतो, पण उठल्यावर. हवाईतल्या माउई बेटावर मलिकोच्या घळीतून काहुलुईकडे निघणाऱ्याच्या पाठीशी व्यापारी वारे असतात, पण हातात ना शीड असतं, ना ओढणारी दोरी. फॉइलने उचलावं इतका वेग पॅडल आणि लाटेचा उतार यांच्या जोरावर पाण्यातच कमवावा लागतो. इथे तळ आडवा येतो. पाण्यातल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ गुणिले १.३४, हा नौकांच्या वेगमर्यादेचा जुना ठोकताळा; उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. त्यानुसार ५ फुटी बोर्ड ३ नॉटलाच अडखळू लागतो, ८ फुटी सुमारे ३.८ नॉटला. त्यापुढे रुंद बोर्ड स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघतो: नाक वर, शेपूट खाली, आणि प्रत्येक फटका वाया. अरुंद बोर्डची लाटच लहान असते, त्यामुळे तो ही मर्यादा सहज ओलांडतो. आणि फॉइलची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढला की उचल २१ टक्के वाढते. लांबट, अरुंद बोर्ड उगाच नाही आले.

‘मोठं फॉइल लावा, लवकर उठाल.’ उठाल की! पण तेच मोठं फॉइल पुढे वेग वाढला की पाय ओढतं आणि पुढची लाट निसटते. चांगल्या तळामुळे लहान फॉइलवर उठता येतं. म्हणजे ज्या फॉइलवर पैसे घालायचे, त्याची निवडसुद्धा बोर्डवर अवलंबून आहे.

बोर्ड मध्येच पाण्याला टेकतो, हेही लोक विसरतात. सपाट, रुंद नाक थपकन आपटतं आणि वेग मरतो. निमुळतं, किंचित वर वळलेलं नाक पाणी कापून पुन्हा सुटतं.

‘मग सगळ्यात लांब आणि अरुंद तोच घ्या.’ हेही नाही. लांब टोकांचं वजन वळताना जाणवतं, आणि फार अरुंद बोर्डवर खवळलेल्या पाण्यात नुसतं उभं राहणंच दमवतं. विकत घेताना लांबी-रुंदीच्या आकड्यांवर थांबू नका, शेपटीच्या कडांवरून बोट फिरवा. तिथे धारदार कड हवी. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं आणि ऐन उठायच्या क्षणी बोर्डला धरून ठेवतं.