थिनरने कन्व्हर्टर साफ होत नाही

‘पी ०४२० कोड आला? टाकीत लिटरभर थिनर ओता, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नवा होतो,’ असा मेसेज फिरतोय. (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग; तो नीट काम करत नाही, असं गाडीचा कॉम्प्युटर पी ०४२० कोडने सांगतो.) चुकीचा आहे. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर वितळला किंवा जळक्या ऑइलने माखला, तर थिनर तो परत आणत नाही. उलट इंधनाचे रबरी सील खराब होण्याची भीती. कोड पुसला की डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा काही दिवस विझतो, तेवढंच.

आधी कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर बघा. व्होल्टेज साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर स्थिर असेल तर कन्व्हर्टर बहुधा ठीक. कन्व्हर्टरच्या पुढच्या सेन्सरसारखं ०.१ ते ०.९ नाचत असेल, तर कन्व्हर्टरवर संशय; तरी आधी सायलेन्सर पाइपची गळती आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) तपासा. मिसफायर तसाच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही जळतो.