नाव यादीत नसेल तर आधार दाखवून मत देता येत नाही

निवडणूक लागली की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. आशय असा: यादीत नाव सापडलं नाही तर आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, ‘कलम ४९ ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर मतं पडली तर फेरमतदान होतं. आता तो माझ्या भाचीपर्यंत पोचलाय. तिचं पहिलंच मतदान आहे, आणि आधार असताना यादी कशाला बघायची, असं ती ठामपणे विचारते. म्हणून हे लिहितोय.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६२ सरळ सांगतं: ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही, त्याला तिथे मत देता येत नाही. बाकी सगळं या एका वाक्यावर उभं आहे. ओळखपत्राचं काम एवढंच, की यादीतल्या अमुक अनुक्रमांकाची व्यक्ती तुम्हीच आहात हे पटवणं. यादीत नावच नसेल तर पटवायचं काय? मतदार ओळखपत्र खिशात असलं तरी हेच. पत्ता बदलल्यावर किंवा पडताळणीत नाव वगळलं जातं, कार्ड मात्र घरात तसंच राहतं.

‘चॅलेंज व्होट’चा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो नियम उलटा करून सांगतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९ ए मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे: कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट. आक्षेपाचा नियम आहे ४९ जे, आणि तो आक्षेप मतदार घेत नाही, मतदारावर घेतला जातो. उमेदवाराचा पोलिंग एजंट केंद्राध्यक्षांकडे दोन रुपये रोख भरतो आणि म्हणतो, ही व्यक्ती यादीतली ती मतदार नव्हे. केंद्राध्यक्ष तोतयेगिरीच्या शिक्षेची ताकीद देतात, यादीतली नोंद वाचून ती तुमचीच का असं विचारतात, नाव-पत्ता नमुना १४ मध्ये लिहून सही घेतात आणि तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मत देता येतं. सिद्ध झाला तर मत जातंच, वर पोलिसांच्या ताब्यात दिलं जातं. म्हणजे ‘मला चॅलेंज व्होट द्या’ म्हणणं म्हणजे ‘माझ्यावर संशय घ्या’ म्हणणं. आणि त्यातही वाचायला यादीत नोंद लागतेच.

टेंडर व्होट मात्र खरं आहे, एवढं मान्य करावं लागेल. नियम ४९ पी. तुमच्या नावापुढे आधीच खूण झालेली असेल, तर ओळखीच्या प्रश्नांची उत्तरं द्या. केंद्राध्यक्षांची खात्री पटली की नमुना १७ बी मध्ये सही घेऊन कागदी प्रदत्त (म्हणजेच टेंडर) मतपत्रिका मिळते. यंत्रावर मत देता येत नाही. ही मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते आणि मतमोजणीत धरली जात नाही. तिचा प्रश्न निघाला तर निवडणूक याचिकेत, न्यायालयात. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा टेंडर मत जरूर मागा, ती नोंद राहते.

१४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. केंद्राला प्रदत्त मतपत्रिका साधारण २० मिळतात. हजार मतं पडलेल्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे १४०. फेरमतदान १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ५८ आणि ५८ ए खाली होतं: यंत्र नष्ट झालं, गहाळ झालं, छेडछाड झाली, केंद्र बळकावलं गेलं तर.

आधार चालतं, पण ओळखीपुरतंच. मतदार ओळखपत्राऐवजी निवडणूक आयोग जी कागदपत्रं मान्य करतो त्यात पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा टपाल खात्याचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगा जॉबकार्ड वगैरे आहेत. नुसती मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीसाठी चालत नाही. कार्डावर स्पेलिंगची किरकोळ चूक असेल तर अडवत नाहीत. फोटोच जुळत नसेल तर दुसरं कागदपत्र न्या. नमुना ६ ए भरून नाव नोंदवलेल्या परदेशस्थ मतदारांना फक्त मूळ पासपोर्ट चालतो.

उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही, आणि हरकतींसाठी वेळ लागत असल्याने नवीन नाव नोंदवायचा अर्ज, म्हणजे नमुना ६, त्याच्या किमान दहा दिवस आधी द्यावा लागतो. पत्ता बदलला असेल तर नमुना ८. म्हणून निवडणूक जाहीर होण्याआधीच आयोगाच्या मतदार पोर्टलवर कार्डाचा क्रमांक टाकून किंवा १९५० ला फोन करून नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बघून लिहून ठेवा. मतदानाच्या दिवशी नाव सापडलं नाही तर आधी बाहेरच्या मदत कक्षात बीएलओंकडे (त्या केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी) विचारा. बऱ्याचदा ते त्याच इमारतीतल्या शेजारच्या खोलीच्या यादीत असतं.